चौकशी खिडकी बंद आहे

माझ्या भावजयीने घराच्या दारावर पहिला कागद लावला तेव्हा आमच्या आईने दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. कागद वहीच्या पानाएवढाच होता, पण अक्षर जिन्याच्या खालच्या वळणावरून वाचता येईल एवढं मोठं.

"मुलगी झाली. वजन दोन किलो शंभर. हृदयाला भोक आहे. डॉक्टर बघत आहेत. नवीन काही कळलं की इथेच लिहिलं जाईल. चौकशीसाठी बेल वाजवू नये."

"घरातली गोष्ट अशी चव्हाट्यावर मांडतात का?" आई मला म्हणाली. "उद्या मुलगी मोठी होईल. लोक लक्षात ठेवतात." आईचं म्हणणं, बाळ जरा अशक्त आहे एवढंच सांगावं आणि वेळ मारून न्यावी. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. मी त्या मुलीची आत्या, शिवणकाम करते, दिवसाला दहा बायका माझ्याकडे मापं द्यायला येतात आणि दहाच्या दहा जणी विचारणार, हे मला दिसत होतं. मी भावजयीला सांगायला गेले की बाई, कागद काढ.

ती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "ताई, मी बस आगारात अकरा वर्षं माइकवर बसते. गाडी चाळीस मिनिटं उशिरा येणार, असं तीनदा सांगितलं तरी माणसं काचेवर टकटक करून विचारतातच. वाईट नसतात हो ती. त्यांना फक्त स्वतः विचारायचं असतं. तेच उत्तर पन्नासदा देता देता एखाद्या दिवशी रडू येतं. मी इथे रडत बसले तर हिला पाजणार कोण? कागद राहणार."

आणि कागद राहिला. दर दोन-तीन दिवसांनी बदलत राहिला.

आता माझ्या भावाबद्दल. तो वजनकाटे दुरुस्त करतो. किराणा दुकानं, भाजी बाजार, सोनारांच्या पेढ्या, पार्सलची ऑफिसं, सगळीकडे त्याचं जाणं-येणं. त्याच्याजवळ एक लाकडी पेटी आहे, आत मखमलीच्या खाचांत पितळेची प्रमाण वजनं, दोन किलोपासून एक ग्रॅमपर्यंत. त्या वजनांना तो उघडा हात लावत नाही, घामानेसुद्धा वजन बदलतं म्हणतो. बोलणं असं की ओठातलं पोटात. दुकानदार त्याच्यावर ओरडले तरी हा मान खाली घालून आपला स्क्रू फिरवत राहणार. त्याने लेकीचं नाव पाडलं मुंगी. बारशाचं नाव वेगळं आहे, पण ते अजून कुणी वापरलेलं मी ऐकलं नाही.

मुंगीचं दुखणं समजायला सोपं होतं आणि बघायला कठीण. सात-आठ घोट प्यायली की ती थांबायची. कपाळावर घामाचे थेंब यायचे, छाती लगालगा वरखाली व्हायची आणि दूध तोंडात तसंच ठेवून ती झोपून जायची. जे प्यायची ते श्वास घेण्यातच खर्च व्हायचं. मोठ्या डॉक्टरांनी एका वाक्यात निकाल दिला होता, "चार किलो झाली की ऑपरेशन करू. चारच्या आत मी हात लावणार नाही."

झालं. आमच्या घराला एकच काम उरलं, चार किलो. भावाने बाळांचा काटा आणला, जेवणाच्या टेबलावर मांडला, त्याचे चारही पाय फिरवून फिरवून सपाटी दाखवणारा पाण्यातला बुडबुडा बरोबर मधोमध आणला आणि टेबलाला हात लावायची सगळ्यांना बंदी केली. आम्ही पाच महिने जमिनीवर बसून जेवलो. रोज सकाळी सात वाजता, दूध पाजायच्या आधी, मुंगीला एका ठरावीक पातळ टॉवेलात गुंडाळून काट्यावर ठेवायचं. टॉवेलाचं वजन त्याने काट्याला आधीच शिकवून ठेवलं होतं, त्यामुळे आकडा दिसायचा तो नुसत्या मुंगीचा. आकडा दिसला की भावजय तो दारावर लिहायची. सोबत आणखीही काही.

"वजन दोन किलो सातशे वीस. आज हसली. गॅस नव्हता, हसलीच. दोन साक्षीदार आहेत."

"वजन तेच. मान अजून धरत नाही. कोणाचं मूल कितव्या महिन्यात काय करत होतं ते सांगू नये."

"आज डावीकडे वळली नाही. उजवीकडेही नाही. जांभया मात्र भरपूर."

इमारतीतली माणसं जिन्यात थांबून वाचायला लागली. कुणी गुपचूप खाली बरोबरची खूण करून जायचं. आईसुद्धा चष्मा लावून बाहेर जाऊन वाचून यायची, जणू घरात कुणी तिला सांगतच नव्हतं.

खालच्या मजल्यावरच्या काकू मात्र बेल वाजवायच्याच. काकू मनाने वाईट नाहीत, पण त्यांच्या जिभेला हाड नाही. "काय गुणाचं बाळ आहे हो! घरात मूल आहे असं वाटतच नाही. आमच्या नातवाने तर आळी डोक्यावर घेतली होती." मुंगी खरंच रडायची नाही. रडायची म्हणजे तोंड वाकडं करायची, मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज निघायचा आणि तोही मध्येच तुटायचा. शेजारच्या खोलीतही ऐकू जायचा नाही. काकूंनी तिसऱ्यांदा कौतुक केलं तेव्हा भावजयीचा तिळपापड झाला. "काकू, ती गुणाची नाही. तिला रडायला दम पुरत नाही," ती म्हणाली, आणि संध्याकाळी कागदावर ओळ आली, "बाळ शांत नाही, दमलेलं आहे. कौतुक करू नये."

चौथ्या महिन्यात माझ्या हातून एक घोळ झाला. मी मुंगीसाठी दुपटं शिवलं. आतून मऊ कापड, बाहेरून पिवळं, कडेने दुहेरी शिवण. टॉवेल धुवायला पडला होता म्हणून त्या सकाळी भावजयीने तिला माझ्या दुपट्यात गुंडाळून काट्यावर ठेवलं. आकडा एका रात्रीत नव्वद ग्रॅमने वर. भावजय ओरडली, आई देवघरासमोर जाऊन उभी राहिली, आणि माझा भाऊ, जो दुकानदाराच्या काट्यावर बसलेली माशी सोडत नाही, तो टाळ्या वाजवायला लागला. सलग तीन सकाळी दुपटंच वापरलं आणि तीन दिवस दारावर आनंदीआनंद. चौथ्या दिवशी टॉवेल परत आला आणि मुंगी नव्वद ग्रॅमने घटली. कुणाच्याच डोक्यात प्रकाश पडेना. शेवटी भावाने दुपटं एकटंच काट्यावर ठेवलं, टॉवेल ठेवला, फरक नेमका नव्वद ग्रॅमचा निघाला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. भावजयीने सगळं खरंखुरं दारावर लिहिलं. तेव्हापासून मात्र घरात त्याच्या काट्याचा शब्द प्रमाण राहिला नाही.

हे सांगायचं कारण पुढे आहे.

दर पंधरवड्याला हॉस्पिटलमध्ये तपासणी असायची. तिथला काटा आणि आमचा काटा कायम जुळायचे, फार तर पाच ग्रॅम इकडेतिकडे. पाचव्या महिन्याच्या शेवटच्या खेपेला सकाळी घरी तीन किलो आठशे पन्नास भरली होती. हॉस्पिटलमध्ये सिस्टरने तिला काट्यावर ठेवलं आणि आकडा आला चार किलो दहा.

सिस्टर हसली. कार्डावर तिने लाल पेनने चांदणी काढली. अर्ध्या तासात तारीख मिळाली, येता मंगळवार. भावजय जिन्यावरून उतरताना पायऱ्या मोजल्यासारखी सावकाश उतरत होती, मुलीला दोन्ही हातांनी छातीशी धरून. मी भावाला म्हटलं, "बघ, तुझा काटा पुन्हा झोपला." तो कार्डावरचा आकडा परत परत वाचत होता. मला वाटलं आनंदाने वाचत असेल. दारावर कागद लागला, "चार किलो दहा. मंगळवारी ऑपरेशन." जिन्यात त्या दिवशी माणसं एकमेकांना सांगत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेरच्या खोलीत गेले तर टेबलावर लाकडी पेटी उघडी होती. त्याने घरचा काटा एकेक वजन ठेवून तपासला होता. दोन किलोला दोन किलो, तीनला तीन, चारला चार. मुंगीला टॉवेलात ठेवलं, तीन किलो आठशे पन्नास.

"हॉस्पिटलचा काटा जास्त दाखवतोय," तो म्हणाला. "मागच्या खेपेनंतर तो दुरुस्तीला गेला होता, काल त्यावर चिठ्ठी होती. पंधरा दिवसांत तीनशे ग्रॅम ही वाढणार नाही. आपली मुंगी आहे ती."

भावजयीने हातातली वाटी खाली ठेवली. "मग?"

"मग चार किलो झालेली नाही."

"अहो काटेवाले, तुमच्या दीडशे ग्रॅमसाठी मी तिची तारीख सोडू? पाच महिने थांबलेय मी. रोज तिचे श्वास मोजतेय."

"ते दीडशे माझे नाहीत गं. ते तिच्यात नाहीतच."

मध्ये मी तोंड घातलं. राग माझ्या नाकावरच असतो. "गप्प बस तू! दीडशे ग्रॅमने काय आभाळ कोसळतंय? डॉक्टर काय आंधळे आहेत? स्वतःच्या घरातलं दुपटं कळलं नाही तुला, आणि निघालास हॉस्पिटलचे काटे तपासायला!" आई पदर तोंडाला लावून बसली होती. तीही म्हणाली, "नको रे बाबा, आलेली तारीख घालवू नकोस."

तो मान खाली घालून म्हणाला, "भूल वजनावर देतात. चार किलोच्या मापाने देतील. ती झेलायची हिलाच आहे." एवढं बोलून त्याने पेटी मिटली. त्याने बायकोला चल म्हटलं नाही, हट्ट केला नाही. त्याचा स्वभावच तो.

भावजयीने मुंगीकडे बघितलं. मुंगीने तिचं बोट धरलं होतं, ते तिला तेवढ्यात नवीनच जमायला लागलं होतं. मला वाटत होतं, ही आता म्हणेल, मंगळवारी जायचं. मी तिच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं, आणि हे मी आजही कबूल करते.

ती उठली. "गाडी फलाटावर लागली नसताना लागली म्हणून मी अकरा वर्षांत कधी सांगितलं नाही. पेटी घ्या."

हॉस्पिटलमध्ये काट्याच्या टेबलासमोर पाच-सहा आईबाप रांगेत होते. भावाने पेटी जमिनीवर ठेवली आणि हळूच म्हणाला, "सिस्टर, एक मिनिट काटा बघू का?"

"तुमचं कालच झालं ना?" सिस्टर वर न बघता म्हणाली. "काटा आताच दुरुस्त होऊन आलाय. माणूस येऊन सेट करून गेलाय. तुम्ही कोण?"

"मी... काट्यांचंच काम करतो."

"मग तुमच्या दुकानात करा. पुढचे या."

माझा भाऊ पेटी उचलून परत फिरणार, हे मला त्याच्या खांद्यांवरूनच कळलं. पुढचा बाप, ड्रायव्हरच्या कपड्यातला, आपल्या मुलाचं झबलं काढायलाही लागला होता. तेवढ्यात माझ्या भावजयीने मुंगीला माझ्या हातात दिलं, ओढणी सारखी केली आणि बोलायला लागली. माइक नव्हता. लागलाही नसता.

"कृपया लक्ष द्या. या टेबलावरचा काटा चुकीचं वजन दाखवत आहे. पुढील सूचना मिळेपर्यंत कोणीही आपलं बाळ काट्यावर ठेवू नये. गैरसोय होईल. पण ती सहन करावी."

सगळा व्हरांडा वळून बघायला लागला. औषधाच्या खिडकीवरची माणसं रांग सोडून आली. सिस्टर उभी राहिली, "अहो बाई, हे हॉस्पिटल आहे, आरडाओरडा नको!" भावजय हलली नाही. "मी ओरडत नाहीये, सूचना देतेय. ओरडायला लागले की कळेल तुम्हाला. अहो, ठेवा वजन."

भावाने हातमोजे घातले. काट्याच्या तबकात दोन किलोचं पितळी वजन ठेवलं. आकडा आला दोन किलो पंच्याऐंशी. त्याने ते उचललं, शून्य येऊ दिलं, परत ठेवलं. दोन किलो पंच्याऐंशी. शेजारी एक किलो ठेवलं. तीन किलो एकशे पंचवीस.

"म्हणजे माझ्या पोराचंही?" ड्रायव्हरने विचारलं.

"सगळ्यांचंच," माझा भाऊ म्हणाला. त्याचा आवाज मला पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू आला. "हा आल्यापासून ज्यांची ज्यांची वजनं केली त्या सगळ्यांचं."

सिस्टरने खाली वाकून काट्याचा प्लग काढला. मग रजिस्टर उघडलं आणि मागची पानं चाळत एकेका नावापुढे खूण करायला लागली. तिचा मला आलेला राग तिथेच ओसरला.

मोठे डॉक्टर खाली आले. त्यांनी वजनं स्वतः ठेवून बघितली. "खरं किती?" त्यांनी विचारलं.

"तीन आठशे पन्नास. फार तर पाच ग्रॅम इकडेतिकडे."

डॉक्टर मुंगीकडे बघून म्हणाले, "मंगळवार रद्द. चार झाली की या. खरे चार." भावजयीने मान डोलावली. तिचे डोळे भरले होते, पण तिथे तिने एकही थेंब पडू दिला नाही.

भानगड काय होती ते भावाने तासाभरात शोधलं. काटा सेट करायला आलेल्या माणसाकडे स्वतःचं वजन नव्हतं, म्हणून त्याने हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातलं दोन किलोचं जुनं लोखंडी वजन वापरलं होतं. तशा वजनांच्या बुडाला भोक असतं आणि त्यात शिसं भरून वजन बरोबर केलेलं असतं. त्यातलं शिसं कधीच गळून पडलं होतं. भोक आमच्या मुलीला होतं आणि त्या लोखंडालाही, माझा भाऊ म्हणाला. त्याच्या तोंडून मी ऐकलेला हा एकमेव विनोद, आणि तो करताना तो रडत होता.

संध्याकाळी दारावर नवा कागद आला.

"चार किलो रद्द. मंगळवार रद्द. खरं वजन तीन किलो आठशे पन्नास. आम्ही बरे आहोत. हळहळ करू नये."

लोक हळहळलेच. काकू म्हणाल्या, हातची तारीख कोण घालवतं? हात दाखवून अवलक्षण! आईने त्यांना पहिल्यांदाच सुनावलं, "आमच्या घरात खोट्या वजनाचं काही खपत नाही." मी आईकडे बघतच राहिले, कारण त्याच सकाळी हीच पदर तोंडाला लावून बसली होती. मीही कुठल्या तोंडाने हसणार?

पुढचे सोळा दिवस आमच्या घरात कुणी मोठ्याने शिंकलं नाही. मुंगीला दर दोन तासांनी पाजायचं, सात घोट, थांबा, घाम पुसा, पुन्हा सात घोट. एके दिवशी पाच ग्रॅम घटली तर तेही दारावर लिहिलं. सोळाव्या सकाळी घरी आकडा आला चार किलो पाच. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. भावाने टॉवेल तपासला, बुडबुडा तपासला, वजनं ठेवून काटा तपासला आणि मग म्हणाला, "चला." हॉस्पिटलच्या काट्यावर, जो आता त्यानेच सेट केला होता, तेवढीच भरली. सिस्टरने तिचं कार्ड घेतलं, जुनी चांदणी खोडली आणि शेजारी नवी काढली.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही चार तास एका बाकावर बसलो. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही. मी मेले होते तेव्हा. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, भोक बुजवलं, मुलगी ठीक आहे, तेव्हा भावजयीने विचारलं, "नक्की?" ते म्हणाले, "नक्की." तिने परत विचारलं. मग ती खाली फरशीवर बसली आणि पाच महिन्यांचं रडून घेतलं.

घरी आल्यावर पाच आठवड्यांनी, एका दुपारी, बेल वाजली. दारात काकू. आतमध्ये मी मुंगीच्या तोंडातून चमचा काढून घेतला होता आणि मुंगीने जो भोंगा लावला होता तो मध्ये तुटत नव्हता. लाल झाली होती, पाय आपटत होती, श्वास घेऊन पुन्हा नव्याने सुरू करत होती. टेबलावरचा काटा थरथरतोय की काय असं वाटत होतं.

काकू कानावर हात ठेवून म्हणाल्या, "बाई गं, जरा बघा ना. दुपारचा डोळा लागत नाही हो. रोजचंच झालंय. आधी कसं गुणाचं होतं!"

भावजय दाराला टेकून उभी राहिली आणि काकूंचं बोलणं संपेपर्यंत ऐकत राहिली. मला वाटलं आता काकूंची धडगत नाही. पण ती म्हणाली, "ऐकू येतंय ना काकू? अगदी खालच्या मजल्यावर?"

"अहो, मग काय सांगतेय!"

"स्वयंपाकघरात पण?"

"सगळीकडे!"

"थँक्यू," भावजय म्हणाली आणि तिने दार लावलं. दाराला पाठ लावून ती हसत होती, गालांवरून पाणी वाहत होतं आणि मुंगीला उगी करायला ती काही केल्या जाईना. मीही चमचा हातात धरून तशीच उभी राहिले. आम्ही दोघी तो आवाज ऐकत होतो.

मग तिने कागद घेतला.

"बाळ रडत आहे. रोज रडेल. मोठ्याने रडेल. ही सूचना कायमस्वरूपी आहे. चौकशी खिडकी बंद."

मी शिवणाच्या कपाटातून कापूस काढला, त्याचे दोन छान घट्ट बोळे केले आणि खाली जाऊन काकूंच्या हातावर ठेवून आले.